चेनमास्तरांचा डबा

आमच्या कोपऱ्यावर भुयारी रेल्वेचं स्टेशन झालं. त्याच्या जिन्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक पत्र्याची टपरी आहे. गेला महिनाभर ती बंद आहे. तिच्या कडीला कुणीतरी चेन उसवलेलं शाळेचं दप्तर अडकवून गेलं आहे. मालक येतील, दुरुस्त करून ठेवतील, मग घेऊन जाऊ, असं वाटलं असावं. मालक वारले, हे त्या दप्तरवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

स्टेशनाबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलं. खाली किती खोल गेलेत, छताची काच कशी आहे, सगळं. टपरीबद्दल कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. माझी खिडकी पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या कोपऱ्यावर उघडते. रोजचं रोज लिहून ठेवायची मला शाळेपासूनची सवय आहे, त्यामुळे कशानंतर काय झालं यात माझी फारशी गफलत व्हायची नाही.

त्यांना सगळे चेनमास्तर म्हणत. दप्तरं, प्रवासी बॅगा, पर्स, जाकिटं, एकदा तर एका सर्कशीच्या तंबूचं दार, जिथे चेन बिघडेल तिथे मास्तर. गिऱ्हाईक म्हणायचं, "नवीन चेन टाका." मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "चेनला काय धाड भरलीय? रनर दमलाय तुमचा." मग पक्कड घेऊन तो सरकता तुकडा, रनर, किंचित दाबायचे, मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवायचे, आणि चेन सुरळीत. शाळेत सिस्टर्सनी माझ्याकडून शिवण उसवून उसवून पुन्हा करून घेतली होती, त्यामुळे चांगला टाका मला कळतो. मास्तरांच्या हातचा टाका चांगला होता.

मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण ते मास्तर झाल्यावर त्यांच्या बायकोला आपोआप मास्तरीणबाई व्हावं लागलं. बाईंनी ते पद मनावर घेतलं. रस्त्यात पोरं पाठीला पोक काढून चालली की त्या म्हणत, "सरळ चाल रे, पाठ काय भाड्याने आणलीस?" पोरं सरळ होत.

टपरी तेव्हा आमच्याच भिंतीला, माझ्या खिडकीखाली होती. कारखान्याचा बाराचा भोंगा झाला की मास्तरीणबाई डबा घेऊन यायच्या. डबा द्यायच्या आधी त्या मास्तरांची कॉलर सरळ करत आणि गळ्याचं बटण लावत. मशीनवर वाकून वाकून मास्तरांचं ते बटण नेहमी उघडं पडलेलं असे.

"गिऱ्हाईकं येतात. माणूस नीट दिसायला नको?"

"गिऱ्हाईकं बॅगा बघतात, मला कोण बघतंय?"

"मी बघते ना. जेवून घ्या, गार होतंय."

हे मी इतक्या वेळा ऐकलं की एखाद्या दिवशी ऐकलं नाही तर घड्याळ बंद पडल्यासारखं वाटायचं.

मग बाई विसरायला लागल्या. आधी शेजाऱ्यांची नावं, मग साखरेचा डबा कुठला, मग एकदा गॅस चालूच राहिला. मुलगी परगावी असते. ती आली, डॉक्टरांकडे नेऊन आणलं, रडली आणि परत गेली. त्यानंतर सकाळचा स्वयंपाक मास्तर करू लागले. डबा भरून, झाकण लावून, टेबलावर ठेवून ते टपरीवर येत. भोंगा झाला की बाई डबा उचलत आणि निघत. गल्लीतून बाहेर, उजवा हात बेकरीच्या भिंतीवरून सरकवत, पुढे टपालपेटीच्या डोक्यावर एक थाप, मग वळून कोपरा. डोक्यातून जे जे गेलं होतं त्यातलं एवढं त्यांच्या पायांत शिल्लक राहिलं होतं.

एकदा छत्रीच्या पिशवीची चेन बसवून घ्यायला मी खाली गेले, तेव्हा मास्तर आपणहून म्हणाले, "ताई, मुलगी म्हणते, बाबा, डबा तुम्हीच भरता, तर सकाळी बरोबरच का नेत नाही?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, डबा मी नेईन गं. मग ती कुठे जाईल?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "ताई, ती एकटीने येते ना, तोवर ती आहे माझ्याजवळ. ज्या दिवशी यायची थांबेल, त्या दिवशी मला कळेल."

मी छत्रीची पिशवी घेतली आणि वर आले.

आणि मग रस्ता खणायला आले.

हिरवे पत्रे उभे राहिले, त्यांवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र आणि 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. माझ्या कपाटातल्या कपबशा दिवसभर किणकिणायला लागल्या. खिडकीच्या पट्टीवरची धूळ पुसावी आणि फडकं झटकून येईपर्यंत पुन्हा बोटाने नाव लिहिता यावं. खड्ड्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटांवरून स्कूटर गेली तरी तोफ डागल्यासारखा आवाज होई. औषधवाल्याने दुकानाच्या पाटीखाली 'दुकान चालू आहे' अशी दुसरी पाटी लावली, कारण आत दुकान आहे हे बाहेरून कळेनासं झालं होतं.

एक तरुण इंजिनीअर मुलगी, डोक्यावर पांढरं हेल्मेट, मास्तरांकडे आली. बोलायला फार नम्र होती.

"काका, टपरी पलीकडे हलवावी लागेल. आम्हीच उचलून नेऊ, तुम्हाला त्रास नाही."

"इथेच राहिली तर? एवढीशी तर आहे."

"अहो, इथेच तर जिना येणार आहे."

"जिना थोडा पुढे सरकवा."

ती हसली. "खालचं स्टेशन कसं सरकवू, काका?"

"तेही खरंच," मास्तर म्हणाले. पक्कड खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मग बायको कशी येणार माझी?"

तिने हातवारे करून सगळं नीट समजावलं. बेकरीपासून वळायचं नाही, सरळ सिग्नलपर्यंत जायचं, तिथे रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या फळ्यांवरून मागे यायचं. कुणालाही जमेल असा रस्ता होता.

मास्तर रोज दुपारी टपरी बंद करून घरी जात आणि बाईंना हात धरून त्या नव्या रस्त्याने आणत. "हे बघ, बेकरी. आता वळायचं नाही. काय करायचं?" "वळायचं नाही," बाई म्हणत. सिग्नलला थांबत, फळ्यांवर जपून पाय टाकत. मग एक दिवस मास्तरांनी धीर करून त्यांना एकटीला येऊ दिलं. भोंगा झाला. मी खिडकीत होते. बाई गल्लीतून आल्या, बेकरीच्या भिंतीवरून हात सरकवत पुढे झाल्या, टपालपेटी जिथे असायची तिथे पत्र्यावर एक थाप मारली, आणि वळल्या.

जुन्या कोपऱ्यावर आता ट्रक आत-बाहेर करायचं फाटक होतं आणि फाटकाशी झेंडेवाला. हा पन्नाशीचा, चांगला भरलेला माणूस; नारिंगी जाकीट पोटावर तट्ट ताणलेलं, त्यावर चांदीचे पट्टे, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात हिरवा, तोंडात शिट्टी. टपरी हलवली होती ती नेमकी त्या फाटकासमोर, खड्ड्याच्या पलीकडे. फाटक उघडं असलं की मास्तरांना तिथून कोपरा थेट दिसे.

झेंडेवाल्याने लाल झेंडा आडवा धरला. "आजी, पुढे जाता येत नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डबा काखेत धरला, जाकिटाच्या आतल्या शर्टाची कॉलर सरळ केली, गळ्याचं बटण लावलं, आणि डबा त्याच्या हातात दिला.

"किती बारीक झालात," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या, गार होतंय."

आणि आल्या तशा परत गेल्या.

पलीकडे मास्तर उठून उभे राहिले होते. त्यांनी हाक मारली असावी, तोंड उघडलेलं मला दिसलं. खड्ड्यात खडक फोडायचा ब्रेकर धडधडत होता. दुसऱ्यांदा त्यांनी हाक मारली नाही.

झेंडेवाला कामगारांच्या फळीवरून खड्डा ओलांडून टपरीशी गेला. पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं.

"हा डबा तुमचा का हो? एक आजी देऊन गेल्या. मला काही बोलू दिलं नाही."

"बायको माझी."

झेंडेवाल्याने डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "मास्तर, माफ करा. माझ्या जन्मात मला बारीक कुणी म्हटलं नव्हतं, तिथेच मी गडबडलो."

मास्तर हसले, आणि मग बराच वेळ त्यांना पक्कड सापडेना, ती त्यांच्याच हातात होती.

त्यानंतर तेच सुरू झालं. बाई रोज कोपऱ्यावर यायच्या, बटण लावायच्या, डबा द्यायच्या. झेंडेवाला तो पलीकडे पोचवायचा. मुकादम त्याला छेडायचा, "काय झेंडेवाले, घरचा डबा? लग्न कधी उरकलंत? आम्हाला जेवायलासुद्धा बोलावलं नाही." झेंडेवाला शिट्टी तोंडातून न काढताच हात झटकायचा. भोंग्याच्या जरा आधी तो झेंडे काखेत मारून गळ्याचं बटण काढतो, हे मी वरून पाहिलं होतं. एकदा आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं, बटण का काढता.

"आजी, त्यांना लावायला काहीतरी नको का?" तो म्हणाला.

मास्तरांना मात्र विचारायला मला बरेच दिवस लागले. "वाईट नाही वाटत?"

"डबा येतोय ना, ताई."

एका दुपारी अंगात कणकण होती म्हणून मास्तर लवकर घरी गेले. किल्ली टपरीत राहिली होती, म्हणून बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि साखळी तशीच ठेवून फटीतून पाहिलं.

"हे घरी नाहीत. कामावर असतात, कोपऱ्यावर. नारिंगी जाकीट घालून उभे असतात बघा, तिथे भेटा."

"बरं," मास्तर म्हणाले. ते खाली जिन्यात बसले, थोड्या वेळाने टपरीवर परत येऊन किल्ली घेऊन गेले. हे मला सांगताना ते एका पर्सचं अस्तर शिवत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "बोलली मात्र फार नीट. पाणी हवंय का, असंही विचारलं."

काम पुढे सरकलं. खड्ड्यावर छत पडलं, त्यावर माती, मातीवर डांबर. कोपऱ्यावर जिन्याच्या पायऱ्या दिसू लागल्या. ट्रक यायचे थांबले आणि झेंडेवाल्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कामावर झाली. जायच्या दिवशी सकाळी तो टपरीवर आला. मी तिथेच होते, पर्स घ्यायला गेले होते.

"मास्तर, जाकिटाची चेन अडकतेय जरा."

मास्तरांनी रनर दाबला, मेण फिरवलं, चेन वरखाली करून दाखवली. झेंडेवाल्याने जाकीट हातात घेतलंच नाही.

"ठेवा तुमच्याकडे. फाटलं म्हणून सांगतो, तिकडे दुसरं देतात."

"मी काय करू त्याचं?"

झेंडेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "मी उद्या इथे नाहीये, मास्तर. भोंगा तर होणारच."

दुसऱ्या दिवशी बाराला मास्तर रस्ता ओलांडून कोपऱ्यावर येऊन उभे राहिले. जाकीट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगावं तसं दिसत होतं. खांदे कोपरापर्यंत आलेले, पट्टे पोटावर न राहता मांड्यांवर. शर्टाचं वरचं बटण त्यांनी काढून ठेवलं होतं. बाई वळल्या, त्यांना पाहून थबकल्या. मी खिडकीची कड घट्ट धरून होते.

बाई पुढे झाल्या. कॉलर सरळ केली. बटण लावलं. मग जाकिटाची सैल बाजू दोन बोटांत धरून म्हणाल्या, "किती बारीक झालात हो."

"काम फार आहे," मास्तर म्हणाले.

"जेवून घ्या, गार होतंय."

पत्रे निघेपर्यंत, काचेचं छप्पर चढेपर्यंत, हे असं चालू राहिलं. त्या काळात मास्तर जरा ताठ चालत. लोक त्यांना येताजाता विचारत, "काका, कधी सुरू होणार?" आणि ते जाकिटाला शोभेल अशा गांभीर्याने सांगत, "होईल. चाचण्या चालू आहेत."

स्टेशन सुरू झालं त्या दिवशी प्रवास फुकट होता. आत जायची दारं उघडी टाकली होती आणि सगळी वस्ती मुलाबाळांना घेऊन लोटली होती. मास्तर बाराच्या आधीच जिन्याच्या वरच्या पायरीशी येऊन उभे राहिले. नवीन गणवेशातला एक पहारेकरी त्यांच्याकडे आला.

"बाबा, हे जाकीट कुठून आणलंत?"

"दिलंय एकाने."

"ते कामाच्या माणसांचं आहे. घालून इथे उभं राहू नका. लोक तुम्हाला आमचा माणूस समजून काहीबाही विचारतात."

"थोडा वेळ फक्त. बारा वाजून जाऊ देत."

"साहेब आलेत खाली. मला बोलणी बसतील, बाबा. काढा."

तो काही उद्धट नव्हता. मास्तरांनी त्याला समजवायला सुरुवात केली, पण ते समजावणं सोपं नव्हतं. बायको, डबा, झेंडेवाला... पहारेकरी "हो, हो" म्हणत चेन खाली ओढत होता. चेन अजिबात अडकली नाही. त्या गडबडीत भोंगा होऊन गेला. बाई वळल्या तेव्हा कोपऱ्यावर नारिंगी काहीच नव्हतं. गर्दी जिना उतरत होती. बाई डबा छातीशी धरून गर्दीबरोबर उतरल्या.

मी खिडकीतून ओरडले. मास्तरांनी वर पाहिलं, मी दाखवलेल्या दिशेने पाहिलं, आणि धावले.

बाई एकट्या घराबाहेर पडल्या तो दिवस शेवटचा. मग मुलगी येऊन राहिली, दाराला वेगळं कुलूप बसलं, आणि थंडी सुरू झाली त्या सुमारास बाई गेल्या. त्यानंतर मास्तर सकाळीच डबा घेऊन टपरीवर यायचे आणि भोंग्याला जेवायचे. माझ्या बॅगांच्या चेन मी उगीच बिघडवून त्यांच्याकडे नेत असे. एक दिवस टपरी उघडली नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या स्टेशनातल्या दुपारचं.

माझा गुडघा जिन्याला तयार नसतो. मी लिफ्टने खाली पोचले तोवर मास्तरांना त्या सापडल्या होत्या. फलाटावरच्या बाकावर बाई सरळ पाठीने बसल्या होत्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी डबा ठेवला होता. मास्तर समोर उभे, धापा टाकत, नुसत्या शर्टात.

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं आणि डब्यावर हात ठेवला. "ही जागा धरलीय. आमचे हे येतायत."

मास्तरांनी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "मग मी त्या कडेला बसलो तर चालेल?"

"बसा की. बाक काय माझा आहे?"

ते बसले. मध्ये डबा. मी खांबाशी थांबले, पुढे गेले नाही. गाडी आली, लोक फोटो काढत चढले, पोरं काचेला नाक लावून उभी राहिली, गाडी गेली. बाई प्रत्येक दाराकडे बघत होत्या. दुसरी गाडी आली आणि गेली.

"उशीर होतोय त्यांना," बाई म्हणाल्या. "उभं राहायचं काम आहे. सोडत नाहीत लवकर."

"येतील," मास्तर म्हणाले.

आणखी एक गाडी गेली. बाईंनी डब्याला हात लावून पाहिला.

"तुम्ही जेवलात?"

"नाही अजून."

बाईंनी एकदा बोगद्याकडे पाहिलं. मग डबा त्यांनी मास्तरांकडे सरकवला. "तुम्ही घ्या. गार करून काय उपयोग? त्यांना मी दुसरं करून देईन."

मास्तरांनी झाकण काढलं. भात आणि उकडलेलं अंडं. सकाळी त्यांनीच भरलेलं. ते सावकाश जेवले, शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. एकदा त्यांचा हात उचलला गेला, मास्तरांच्या गळ्यापर्यंत आला, आणि तिथेच थांबला. त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"रागावू नका," परक्या माणसाशी बोलावं तसं हळूच त्या म्हणाल्या, "बटण उघडं आहे तुमचं."

"हो का?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ते स्वतःच लावलं.